शे

औसा रोडला झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत
संध्याकाळी सातला फ्रेंच असतं.
आम्ही अकरा जण. नऊ नर्सा, एक केटरिंगवाला
आणि सुरवसे, जो का येतो ते त्यालाही सांगता येत नाही.
नुझहत मॅडम उदगीरहून बसनं येतात,
पर्समधून कागदात गुंडाळलेला खडू काढतात
आणि फळ्यावर चार अक्षरं लिहितात.
उच्चार : शे.
शेवटचं अक्षर म्हणायचं नाही.

"दोनशेतला शे का?" सुरवसे विचारतो.
मॅडम डिक्शनरी उघडतात. इंग्रजी लांबण लावते :
अमक्याच्या घरी, तमक्याच्या दुकानी,
त्यांच्या देशात, ह्यांच्या स्वभावात.
सहा ओळी झाल्या, तरी शब्द कुठूनतरी गळतोच.
मागून केटरिंगवाला म्हणतो, "कडं."
काय?
"कडं, मॅडम. लिंबराजकडं दाढी.
बिराजदार डॉक्टरकडं इंजेक्शन.
आमच्याकडं या एकदा जेवायला."

मॅडमचा खडू हातातच राहिला.
हमारे इधर, त्या स्वतःशीच पुटपुटल्या.
निलंगा सोडून हद्द ओलांडली
की कानडीत नम्म कडे.
माणसं हद्दीवरून भांडत राहिली,
शब्द तिकिटाशिवाय ये-जा करत होता.

मग नियम.
शेपुढं माणूस लागतो.
गिरणीत चालत नाही, गिरणीवाल्याकडं चालतं.
दवाखान्याला वेगळा शब्द आहे, फ्रिजवर चिकटवून ठेवा.
माझ्याकडं सुट्टे नाहीत, हे शेनं म्हणता येत नाही,
माझ्याकडं बघ, हेही नाही.
तेवढी आमच्या कडंची चार बोटं जास्त.
आणि ते मुकं शेवटचं अक्षर :
पुढं स्वर आला की जागं होतं.
शेझेल, म्हणजे तिच्याकडं.
तिचं नाव निघालं
की आत झोपलेलं कुणीतरी उठून कडी काढतं.

"हा शब्द पूर्वी घर होता," मॅडम म्हणाल्या.
"लॅटिनमधलं अख्खं घर. कासा.
लोक येता-जाता बोलत गेले,
झिजून एवढं राहिलं."
मी वहीत लिहून घेतलं.
माळवद गेलं, कोनाडे गेले, चौकट गेली,
नुसतं जाणं उरलं.
आम्ही किल्लारीकडचे. हे मला
लिहून घ्यायची गरज नव्हती.

घरी येऊन बसले तेव्हा सुचलं,
आपल्या शब्दात घर कधी नव्हतंच.
कड होती. बांधाची, पदराची,
झोपेत बदलायची.
आणि ती दुसरी, कमरेवरची,
जिच्यावर मूल बसतं.
त्र्याण्णवच्या त्या पहाटे
मी कुणाच्यातरी कडेवर बाहेर आले.
कुणाच्या, ते अजून कळलं नाही.
चार वर्षांची होते, एका पायात पैंजण होतं
आणि आई मागं राहिली.

गृहपाठ पाच वाक्यांचा. चौथं मी लिहिलं :
रविवारी मी आईकडं जाते.
वही परत आली, शेला लाल बरोबरची खूण.
फक्त क्रियापदाचं शेपूट खोडलेलं :
"इथे तू जातेस, ती नाही."
मराठीत दोघींना एकच जाते,
म्हणून चुकलं असेल.

जिना उतरताना मॅडमनं सहज विचारलं,
"आई कुठं असते गं?"
जुन्या गावात, मी म्हणाले.
"बस आहे का तिकडं?"
साडेसहाची आहे. नव्या गावापर्यंत जाते.
पुढं येड्या बाभळीतनं
थोडं चालावं लागतं.